अंगावरचे गोचीड वेचण्याआधी जागा बघा

आमचं रान सोलापूरकडच्या नान्नजजवळ, माळढोक अभयारण्याच्या अलीकडे. वर्षाला वीस-बावीस इंच पाऊस. मे महिन्यात उघड्या माळावर गोचीड शोधले तर हाती फारसं लागत नाही. ऊन त्यांना वाळवून टाकतं. तरी आमची जर्सी गाय गोचीडतापानेच गेली. मी रोज तिच्या कानामागचे, कासेजवळचे गोचीड वेचायचे आणि बाकीचे गोठ्याच्या दगडी भिंतीत मजेत होते. ताप १०६ पर्यंत चढला, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी झाली. थायलेरियाचं, म्हणजे गोचिडातून गुरांच्या रक्तात जाणाऱ्या जंतूचं, निदान झालं तेव्हा उशीर झाला होता.

गोचीड आयुष्याचा बराच काळ जनावरावर नसतो, जमिनीवर असतो. अंड्यातून निघालेली सहापायी पिल्लं, मग आठपायी अर्भकं, मग मोठे गोचीड; दर टप्प्याला रक्त हवं आणि मधल्या काळात सावली आणि ओल हवी. जंगलात ती पाल्याच्या थराखाली मिळते. आमच्याकडे ती भिंतीच्या भेगेत मिळते, नाहीतर ओढ्याकाठच्या बाभळींखाली, जिथं गुरं दुपारी टेकतात. म्हणून तीन गोष्टी एकत्र कुठं आहेत ते बघा: सावली, ओल आणि रोज येणारं जनावर.

गवतात बघायचं तर जुन्या पांढऱ्या धोतराचा हातभर तुकडा काठीला बांधा. सकाळी दव वाळलं की गवतावरून सावकाश ओढत न्या, दर दहा पावलांनी उलटून बघा. तिळाएवढे ठिपके चालताना दिसतील. काही जातींचे मोठे गोचीड मात्र गवतावर वाट बघत बसत नाहीत, जमिनीवरून धावत येतात. त्यामुळे फडकं कोरं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

भेगा मी आता सिमेंटने बुजवते, वर चुना. गावरान कोंबड्या गोठ्यात सोडते, त्या गोचीड टिपतात. जनावरांच्या अंगावरचं औषध डॉक्टरांना विचारूनच.

माझा भाचा काजूच्या हंगामात सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला निघाला तेव्हा म्हणाला, “आत्या, गोचीड काय मला नवे आहेत का?” मी त्याला बसवून सांगितलं, तिकडचं रान वेगळं. दाट झाडी, पाल्याचा जाड थर, काठाला काजूच्या बागा आणि त्यातून हिंडणारी गुरं, माकडं. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे, म्हणजे गोचिडातून माकडांना आणि माणसांना होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे, रुग्ण आढळले आहेत. हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला १९५७ मध्ये, कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात. गुरांमुळे मोठ्या गोचिडांना रक्त मिळतं आणि त्यांची संख्या वाढते. माणसाला चावतात ती मुख्यतः बारीक अर्भकं, साधारण नोव्हेंबर ते मे. काजू वेचायचा काळही त्यातच येतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड तिथंच आसपास गळतात, म्हणून मेलेल्या माकडाजवळ जायचं नाही, वनखात्याला कळवायचं.

पाल्यावर टेकायचं नाही. पॅंट मोज्यात खोचायची. अंगाला लावायचं तेल आरोग्य केंद्रातून घ्यायचं. परतल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि अंघोळ करताना काख, जांघ, गुडघ्यामागे, कानामागे हात फिरवून बघायचं.

चिकटलेला असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा. रॉकेल नको, पेटती काडी नको. आणि नखाने चिरडायची आपली सवय सोडा. चिरडलेल्या गोचिडाच्या रक्तातून क्रायमियन काँगो तापासारखा जीवघेणा रोग लागू शकतो. गोचीड साबणाच्या पाण्यात टाका, हात धुवा.

पुढच्या आठ-दहा दिवसांत अचानक ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, चावलेल्या जागी काळी खपली किंवा तळहातांवर पुरळ, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांपुढे पहिलं वाक्य हेच: “मला गोचीड चावलाय, मी रानात होतो.” भाच्याने ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं आणि जाताना पांढरं फडकंही मागून नेलं.