व्यवस्थापनातली फंडेड पीएचडी: अर्ज करताना या चुका टाळा

‘दहा वर्षांचा अनुभव आहे, आता ज्ञानात भर घालून वरच्या पदावर जायचं आहे.’ व्यवस्थापनातल्या पीएचडीचे कितीतरी अर्ज अशाच वाक्याने सुरू होतात, आणि तिथेच हातातून निसटतात. निवड समितीला वरिष्ठ मॅनेजर नको असतो, संशोधक हवा असतो. शिष्यवृत्ती हुशारीचं बक्षीस म्हणून मिळत नाही. विभाग पुढची तीन ते पाच वर्षं तुमच्या एका प्रश्नावर पैसा आणि एका प्राध्यापकाचा वेळ लावणार असतो. अनुभव कामाचा आहेच, पण त्यातून प्रश्न निघाला तरच.

सगळ्यात जास्त अर्ज विषयावर अडतात. ‘डिजिटल तंत्रज्ञानाचा कर्मचाऱ्यांच्या कामगिरीवर परिणाम’ हा प्रश्नच नाही, ते अख्ख्या शेल्फचं नाव झालं. त्याऐवजी असं विचारा: घरपोच सेवा देणाऱ्या कंपनीत कामाचं वाटप माणसाऐवजी अ‍ॅप करू लागलं, तर सुपरवायझर आणि कर्मचारी यांच्यातलं बोलणं कमी होतं का? आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण त्याने बदलतं का? आता कोणाला विचारायचं, काय मोजायचं, कोणाशी तुलना करायची, हे दिसू लागतं. लगेच पुढची अडचणही दिसते: डेटा कुठून येणार? ओळखीचे साहेब ‘देऊ की’ म्हणाले, एवढ्यावर आराखडा उभा करू नका. साहेब बदली होऊन जातात, कंपनीचा कायदा विभाग नाही म्हणतो, आणि दुसऱ्या वर्षी हातात काहीच उरत नाही. परवानगी लेखी घ्या, निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची मुभा त्यात आहे का ते पाहा आणि डेटाचा दुसरा मार्ग आधीच शोधून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे एकच अर्ज सगळीकडे पाठवणं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उमेदवारांची निवड एक समिती करते. सुरुवातीची साधारण दोन वर्षं अभ्यासक्रमात जातात आणि मार्गदर्शक पुढे ठरतो. त्यामुळे तिथे गणित-संख्याशास्त्राची तयारी, जीमॅट किंवा जीआरई या प्रवेश परीक्षांचे गुण आणि शिफारसपत्रं यांना वजन असतं. ब्रिटनमध्ये संशोधन आराखडा आणि होकार देणारा मार्गदर्शक लागतो. नेदरलँड्स आणि नॉर्डिक देशांत पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते. प्रकल्पाची जाहिरात निघते, तिथे तुमचा स्वतंत्र विषय नव्हे तर त्या प्रकल्पाशी तुमचं नातं मांडावं लागतं.

डीबीए (डॉक्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) आणि पीएचडी यांतही गल्लत होते. डीबीए बहुतेक ठिकाणी नोकरी सांभाळून, स्वखर्चाने करायची पदवी असते. पण नुसत्या नावावर जाऊ नका. हार्वर्ड बिझनेस स्कूल अनेक दशकं पूर्णवेळ संशोधकांना डीबीएच देत होतं.

पैशाबाबत माझा आग्रह एकच: ‘फुल फंडिंग’ या दोन शब्दांवर विश्वास टाकू नका, पत्र ओळ न ओळ वाचा. तीन वर्षांचा निधी आणि चार वर्षांचा प्रबंध ही जोडी फार सर्रास दिसते. चौथ्या वर्षी खायचं काय? ब्रिटनमध्ये २०२१पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही यूकेआरआय या सरकारी संशोधन-निधी संस्थेचा निधी मिळू शकतो, पण तो स्थानिक दराची फी भरतो. परदेशी दराची वरची फी विद्यापीठ माफ करणार का, हे लेखी विचारा. युरोपीय संघाच्या निधीवर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये, जिथे नेमणूक होणार त्याच देशात नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेला उमेदवार सहसा अपात्र ठरतो. म्हणून ‘आधी तिथे जाऊन राहतो, मग अर्ज करतो’ हा बेत अंगाशी येऊ शकतो. शिकवण्याचे तास किती, सुट्टीत स्टायपेंड चालू राहतो का, आरोग्य विमा कोण भरतो, हेही विचारा. विचारल्याने कोणी जागा काढून घेत नाही. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार, निधीच्या ऑफरला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. घाई करायला लावणाऱ्या ईमेलला घाबरू नका.

प्राध्यापकांना ईमेल करताना ‘आपलं काम वाचून प्रभावित झालो’ हे वाक्य काढून टाका. त्यांचा एक अलीकडचा लेख खरोखर वाचा, त्यातली कोणती गोष्ट अनुत्तरित राहिली असं तुम्हाला वाटतं ते तीन ओळींत लिहा आणि यंदा विद्यार्थी घेणार आहात का, ते विचारा. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा.

नकार आला असेल तर तो कुठल्या टप्प्यावर आला ते पाहा. मुलाखतीलाच बोलावलं नाही, तर गुण, शिफारसपत्रं आणि त्या विभागात तुमच्या विषयाचं कोणी आहे का, हे तपासा. फक्त वरिष्ठांचीच पत्रं जोडली असतील तर तिथेच घोडं अडलेलं असू शकतं. तुमची संशोधनाची कुवत पाहिलेला एक तरी शिक्षक हवा. मुलाखतीनंतर नकार आला, तर बहुधा प्रश्न किंवा पद्धत उलगडून सांगता आली नाही. प्रवेश मिळाला पण निधी नाही, असं झालं तर आधी तारखा बघा, कारण निधीची मुदत अनेकदा प्रवेशाच्या मुदतीच्या कितीतरी आधी संपते. पुढच्या फेरीत निधीसाठी विचार होईल का, प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येईल का, ते विचारा. ‘एकदा सुरू तर करा, नंतर बघू’ असं कोणी तोंडी सांगत असेल, तर त्या भरवशावर स्वतःची पुंजी घालू नका.