बेल लॅब्जचं संशोधन मोजायचं कसं, आणि मोजणी कुठे फसते

नाशिकचं इंग्रजी स्पेलिंग आठवा. जुन्या कागदांवर त्यात 'एच' नसतो, नव्यांवर असतो, शहर एकच. उलट 'नाशिक रोड' वाचून परगावच्या माणसाला वाटतं, असेल नाशकातला एखादा रस्ता. प्रयोगशाळेचं संशोधन मोजताना हेच दोन घोळ होतात: एकाच संस्थेची चार नावं, आणि सारख्या नावाची दुसरीच संस्था. ई अँड टीसी किंवा ग्रंथालयशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी बेल लॅब्ज (एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीची, आता नोकियाकडे असलेली संशोधन प्रयोगशाळा) हा विषय घेतला असेल, तर डाउनलोडला हात लावण्याआधी नावांचा तक्ता करा.

तक्त्यात तीन रकाने पुरतात: नाव, पासून, पर्यंत. १९२५ ते १९८३ 'बेल टेलिफोन लॅबोरेटरीज', १९८४ पासून 'एटी अँड टी बेल लॅबोरेटरीज', १९९६ पासून ल्युसेंट, २००६ पासून अल्काटेल-ल्युसेंट, २०१६ पासून नोकिया. दुसऱ्या शीटवर भाऊबंद, पण चूल वेगळी असलेले: १९८४ मध्ये निघालेली बेलकोर (एटी अँड टी पासून सुटलेल्या प्रादेशिक फोन कंपन्यांची प्रयोगशाळा), १९९६ च्या वाटणीत एटी अँड टी कडे राहिलेली 'एटी अँड टी लॅब्ज'. ही शीट केली नाही तर वाटणीनंतरचे आकडे फुगतात. सालावरून मात्र नोंदी कापू नका. पेपर छापून येईपर्यंत कंपनीचं नाव बदललेलं असतं, त्यामुळे लेखकाचा जुना पत्ता, म्हणजे त्याच्या संस्थेचं जुनं नाव, पुढच्या सालातही दिसतो. छापलेला पत्ता जसाच्या तसा एका रकान्यात ठेवा आणि तुम्ही ठरवलेलं नाव शेजारच्या रकान्यात लिहा.

मोजायचा नियम असा: पेपरवर छापलेल्या पत्त्यात जी संस्था, तिचाच पेपर. त्याचा कस लावायला एक जोडी घ्या. 'फिजिकल रिव्ह्यू'च्या १९२८ मधल्या ३२ व्या खंडात पान ९७ वर जॉन्सनचा औष्णिक गोंगाटावरचा (उष्णतेमुळे विद्युत मंडलात उठणाऱ्या खरखरीवरचा) पेपर सुरू होतो आणि पान ११० वर नायक्विस्टचा, त्याच विषयाचं गणित मांडणारा. जॉन्सनचा पत्ता बेल टेलिफोन लॅबोरेटरीज. नायक्विस्टचा अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनी, म्हणजे एटी अँड टी. त्याचा विभाग बेल लॅब्जमध्ये सामील झाला तो १९३४ मध्ये. म्हणजे पत्त्याच्या नियमाने जॉन्सन मोजायचा, नायक्विस्ट नाही. मनाला पटत नाही, पण नियम एकदा ठरला की माणूस पाहून वाकवायचा नाही. वाकवायचाच असेल तर तो बदल अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा.

आता नोंदी. ओपनअलेक्स ही संशोधन-लेखांची ऑनलाइन सूची फुकट आहे; त्यात संस्थेचं नाव टाकून यादी मिळते. शोध अर्थातच रोमन लिपीत. एपीआयने (म्हणजे प्रोग्रॅममधून थेट) घेत असाल तर १०,००० नोंदींपुढे साधी पानं उलटता येत नाहीत, कर्सर (पुढच्या पानाची खूण) वापरावा लागतो. नाहीतर यादी तिथेच अडते आणि तुम्हाला वाटतं, एवढेच पेपर असतील.

एवढ्यावर थांबलात तर प्रयोगशाळेचा सगळ्यात गाजलेला काळच निसटेल. 'बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल' १९२२ ते १९८३ निघालं. त्यातल्या जुन्या लेखांच्या नोंदींत लेखकाचा पत्ता बहुधा कोराच असतो, कारण अंकात ती माहिती लेखावर नव्हे, तर शेवटी लेखक-परिचयाच्या सदरात असे. म्हणून हे जर्नल वेगळं उचला: आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख-क्रमांक) ०००५-८५८० टाका, सगळे लेख घ्या, मग परिचय वाचून पत्ते हाताने भरा. सगळे लेखक बेल लॅब्जचे नव्हते. एटी अँड टी आणि तिची कारखाना-कंपनी वेस्टर्न इलेक्ट्रिक यांचेही होते. काम कंटाळवाणं आहे, त्याला पळवाट नाही. जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर मोफत वाचता येतात. आयईईई एक्सप्लोअर हा सशुल्क लेखसंग्रह कॉलेजकडे आहे का, ते ग्रंथपालांना विचारा. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही जर्नलांच्या सामायिक वर्गणीची केंद्राची योजना सरकारी संस्थांसाठी आहे, नाशकातल्या खासगी कॉलेजांनी ते गृहीत धरू नये.

उतरवलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून कधीही उघडू नका. '३-१२' ही पानं असतील तर एक्सेल त्याची तारीख करतं, आणि सेव्ह केलं की मूळ आकडा गेला. डेटा मेनूतून फाइल आत घ्या, यूटीएफ-८ ही अक्षरांची संकेतपद्धत निवडा, पानांचा आणि अंकाचा रकाना 'टेक्स्ट' करा.

पत्ते एकसारखे करायला ओपनरिफाइन हे मोफत सॉफ्टवेअर. त्यातली 'क्लस्टर अँड एडिट' सोय फिंगरप्रिंट पद्धतीने विरामचिन्हं काढते, अक्षरं लहान करते आणि शब्द वर्णक्रमाने लावते. त्यामुळे 'बेल लॅब्ज, मरे हिल' आणि 'मरे हिल, बेल लॅब्ज' आपोआप जुळतात. 'लॅब्ज' आणि 'लॅबोरेटरीज' मात्र जुळत नाहीत. ते वेगळ्या बदलाने आधी एक करा. सगळे गट एकदम टिकमार्क करून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं केलं तर भलती संस्थाही आत येऊ शकते.

एकच पेपर दोनदा येणं हा पुढचा त्रास. शॅननचा १९४८ चा संज्ञापन-सिद्धान्त जुलै आणि ऑक्टोबर अशा दोन भागांत छापला गेला, १९४९ मध्ये पुस्तक झाला (शीर्षकातला 'ए' जाऊन 'द' आला), आणि २००१ मध्ये एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या एका नियतकालिकात पुन्हा छापला गेला. डीओआय (लेखाची कायमची ओळख-खूण) वेगवेगळे, म्हणून संगणकाला ही वेगवेगळी कामं वाटतात आणि सायटेशन (इतरांनी दिलेले संदर्भ) विखुरतात. एक काम म्हणून धरा, पण कोणत्या नोंदी एकत्र केल्या ते टिपून ठेवा.

मोजणीचे दोन रकाने ठेवा. पूर्ण मोजणीत प्रयोगशाळेचा एक जरी लेखक असला तरी १. अंशमोजणीत तीन लेखकांपैकी एक इथला असेल तर ०.३३. १९६५ चा पेन्झियास आणि विल्सन यांचा पेपर दोन्हीकडे १ च राहतो, कारण दोघेही इथलेच. अलीकडच्या काळात सहलेखक वाढलेत, तिथे दोन आकड्यांत मोठी तफावत दिसेल.

पेटंटं वेगळ्या शीटवर. अर्जाचं साल आणि मंजुरीचं साल एक नसतं: ट्रान्झिस्टरचं बार्डीन-ब्रॅटन पेटंट, क्रमांक २,५२४,०३५, अर्ज १९४८, मंजुरी १९५०. आलेख अर्जाच्या सालावर काढा, संशोधन त्याच सुमाराचं असतं. इथे माणसांची नावंही चकवतात. रेषीय प्रोग्रॅमिंगची नवी पद्धत शोधणारे करमरकर १९८४ च्या पेपरवर 'एन. करमरकर' आहेत, १९८८ च्या पेटंटवर 'नरेंद्र के. करमरकर'. आडनावावर शोधा, मग विषय पाहून खात्री करा. इथेच जन्मलेली युनिक्स आणि सी भाषा पेपरांच्या यादीत जेमतेम दिसतील. त्यांच्यासाठी सॉफ्टवेअरचा रकाना वेगळा धरा.

शेवटी मागे घेतलेले पेपर. बेल लॅब्जचा संशोधक शोन याच्या बनावट आकडेवारीच्या प्रकरणात चौकशी समितीने २००२ मध्ये २४ पैकी १६ आरोप खरे ठरवले; 'सायन्स'ने आठ आणि 'नेचर'ने सात पेपर मागे घेतले. या नोंदी पुसू नका. 'मागे घेतला' असा रकाना करून डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेच्या मोफत माहितीवरून तो भरा, आणि त्या काळाची बेरीज या पेपरांसह व त्यांच्याशिवाय, दोन्ही द्या.