मुरगळलेल्या घोट्यावर हात बसवताना

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर धावणाऱ्या एखाद्याचा घोटा मुरगळला, की सूज उतरल्यावरही पाऊल वर वळताना अडते. सांधे मोकळे करण्याचे तंत्र शिकताना फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याने याच सांध्यापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

आधी मोजमाप घ्यावे. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकेल इतके पाऊल मागे न्यायला सांगून अंगठा आणि भिंत यांमधील अंतर दोन्ही पायांचे टिपावे. मग रुग्णाला उताणे झोपवून टाच टेबलाच्या कडेबाहेर ठेवावी, एका हाताने नडगीचे खालचे टोक स्थिर धरावे आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा व तर्जनीमधल्या बेचक्याने टॅलस हे नडगीच्या लगेच खालचे, घोट्यातले हाड लयीत मागे ढकलावे. फिजिओथेरपिस्ट मेटलंड यांनी अशा लयीतल्या ढकलण्याच्या ठरवलेल्या श्रेणींपैकी सांध्याचा प्रतिकार लागण्याआधीच थांबणाऱ्या पहिल्या दोन वेदना शमवण्यासाठी, तर प्रतिकारात शिरणाऱ्या तिसरी व चौथी ताठरपणासाठी वापरतात. जोर मनगटातून नव्हे, तर शरीराच्या झुकावातून यावा. हे हाताला उमगायला महिने लागतात, म्हणून सुरुवातीचा सराव सहाध्यायांवर, शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा.

अस्थिभंगाची शंका असेल किंवा सांधा मुळातच सैल असेल, तर हे तंत्र वापरू नये. उपचारानंतर लगेच भिंतीचे अंतर पुन्हा मोजावे आणि वाढलेली हालचाल टिकवणारा व्यायाम त्याच बैठकीत शिकवावा.