आधी पोंगा बघा, मग पंप उचला

आमच्या सिल्लोड भागात खरिपात जिकडे बघावं तिकडे मका. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी आधी कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडे आली. तेव्हापासून पानाला भोक दिसलं की पंप पाठीला, असं चाललंय. माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी मोजा.

मका उगवून आला की एकरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावा. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, लष्करी अळीचीच आहे ना, हे दुकानातच पाकीट वाचून बघा. कपाशीच्या बोंडअळीची मक्यात काही कामाची नाही. तंबाखूचा, कांद्याचा हात तिला लावू नका. सापळा पिकाच्या शेंड्याच्या जरा वर असावा, मका वाढेल तसा तोही वर घ्या. रोज सकाळी पिशवीतले पतंग मोजून वहीत लिहा. सापळ्यामागे रोज तीन पतंग पडायला लागले की आता वावरात उतरायचं. सापळ्यात फक्त नर येतो, अंडी घालणारी मादी बाहेरच असते. म्हणून सापळा रिकामा असला तरी आठवड्यातून दोनदा तरी फेरी माराच.

फेरी सकाळी लवकर मारा. ऊन चढलं की अळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, खोल उतरते. बांधालगतच्या चार-पाच ओळी सोडून नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी सलग वीस झाडं बघा. झाली शंभर झाडं, म्हणजे टक्केवारीचं गणित करायलाच नको. खराब झाड दिसलं म्हणून तिकडे वळू नका, ओळीत येईल ते मोजा.

आता खरं काम. उघडलेल्या पानांवरची मोठी भोकं हा झालेला मार असतो. ती पानं पोंग्यात होती तेव्हाच खाल्ली गेली, अळी आता तिथे असेलच असं नाही. पोंगा दोन बोटांनी अलगद फाकवा आणि सगळ्यात कोवळं पान बघा. त्यावर ताजं खाल्लेलं आहे का, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा ओली आहे का? ओली असेल तर अळी आत आहे, ते झाड मोजणीत धरा. वाळून पांढुरकी झाली असेल आणि कोवळं पान स्वच्छ असेल, तर धरू नका. लहान अळी हिरवा भाग खरवडते, पानावर पांढरे पापुद्रे दिसतात. असं झाड मात्र नक्की धरा, कारण औषध याच वयात लागू पडतं. अळी मोठी झाली की विष्ठेने पोंगा बुजतो आणि फवारा आत पोचत नाही. ओळख पटवायला डोक्यावरचा उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चौकोनात बसलेले चार काळे ठिपके बघा. पानावर केसाळ आवरणाचा अंडीपुंज दिसला तर तिथेच चुरडा, त्यात शंभराच्या वर अंडी असू शकतात.

पहिले तीन-चार आठवडे शंभरात पाच झाडं धरली गेली तर उपाय करा. पुढे पोंगा भरात असताना दहा, त्यानंतर वीस. त्याच्या आत असाल तर थांबा, दोन दिवसांनी पुन्हा मोजा. दमट हवेत पानाला चिकटून मेलेल्या, आधी पांढऱ्या आणि मग हिरवट पडलेल्या अळ्या दिसतात. तो बुरशीचा रोग आहे, आपल्या फायद्याचा. अशा अळ्या वेगळ्या लिहा. त्या वाढत असतील तर मी तरी पंप काढत नाही.

कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन सापळे पुरतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की सावध व्हा. फुलात डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटलेलं फूल, शोधा आणि शेतभर फिरून वीस हिरवी बोंडं फोडा. बाहेरून बोंड चांगलं दिसतं, फोडल्याशिवाय कळत नाही. दोन बोंडांत जिवंत अळी निघाली तर फवारणीची वेळ आली.

फवारणी झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तशीच शंभर झाडं पुन्हा बघा आणि आधीच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहा. आकडा खाली आला नसेल तर आधी फवारा पोंग्यात पडला होता का ते तपासा, औषध बदलायचं नंतर.