कोंबडीला जखम झाली तर

आधी तिला वेगळी करा. रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्या तिथंच टोचत राहतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं पाच मिनिटं दाबून धरा. मधूनमधून उचलून पाहू नका.

एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून जखम धुवा. भोवतीची पिसं कापा, उपटू नका. मग पोव्हिडोन आयोडीन (जखमेवर लावायचं जंतुनाशक) पातळ करून लावा. फिनाईल अजिबात नको.

नागपूरच्या उन्हाळ्यात तिला ठेवलेलं खोकं कूलरजवळ ठेवा, पण थेट झोतात नाही. पावसाळ्यात मात्र माश्यांची भीती: त्यांनी जखमेत अंडी घातली की दिवसभरात अळ्या पडतात, म्हणून खोक्याला जाळी लावा आणि सकाळ-संध्याकाळ जखम बघा. मांजरानं चावलं असेल किंवा जखम खोल असेल, तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या.