गवताचे गठ्ठे शेडमध्ये जाण्याआधी

बेलर, म्हणजे गवताचे गठ्ठे बांधणारं यंत्र, रानात उतरायच्या दोन दिवस आधी शेड रिकामी करून झाडून घ्या. मागच्या हंगामाचे उरलेले गठ्ठे दाराजवळ काढून ठेवा, म्हणजे आधी ते संपतील. त्यांच्यावरच नवे रचले तर जुने तळाशी कुजून जातात. मग भर दुपारी दार लावून आत उभे राहा आणि वर बघा. जिथून उजेडाचा ठिपका दिसतो, तिथूनच पावसाचं पाणी येणार. उघडी वायर दिसली तर तीही आत्ताच दुरुस्त करून घ्या. आणि तापलेला ट्रॅक्टर या छपराखाली उभा करायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

खाली लाकडी पॅलेट अंथरा. सिमेंटचा कोबा कोरडा दिसला तरी त्याला घाम येतो आणि तळाचा थर बुरशीला जातो.

खरी तयारी मात्र रानातच असते, आणि माझा सगळा आग्रह इथेच आहे. वरून वाळलेलं गवत आत ओलं असू शकतं. ओळीच्या तळातून मूठभर काढून पिळा; काड्या कडकड मोडल्या पाहिजेत. मग एका जाड काडीचं पेर नखाने खरवडा. साल सुटून आली तर थांबा, कारण पेरातलं पाणी सगळ्यात शेवटी जातं. मीटर असेल तर ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास हवा आणि 20 च्या वर तर गठ्ठा बांधायचाच नाही. कापलेलं गवत वाळेपर्यंत श्वास घेत असतं, त्यात ओलाव्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात. या सगळ्याची ऊब दाबलेल्या गठ्ठ्यात कोंडून राहते. त्यातूनच आपोआप आग लागते. पाऊस डोक्यावर आहे म्हणून घाई होते, मला कळतं. पण भिजलेल्या गवताचं नुकसान परवडतं, जळालेल्या शेडचं नाही.

गठ्ठा साधारण 20 ते 25 किलोचा. हातमोजे, पूर्ण बाह्या, बंद बूट आणि धुळीसाठी मास्क तयार ठेवा. बुरशीची धूळ छातीत जाऊन फुप्फुसं कायमची खराब होऊ शकतात. दोन्ही दोऱ्या धरा, गुडघ्यात वाका. एकाच दोरीने ओढलात तर ती सरकते आणि गठ्ठा वाटेतच सुटतो.

तळाचा थर कुशीवर ठेवा, दोऱ्या बाजूला येतील असा. वरचे थर विटांच्या बांधकामासारखे सांधेमोड करून, आडवे-उभे. भिंतीपासून आणि छपरापासून हवा खेळेल इतकी जागा सोडा.

रचून झालं म्हणजे काम संपलं नाही. पुढचे सहा आठवडे लोखंडी सळई गंजीत खोल खुपसून ठेवा आणि रोज काढून ती तापली आहे का बघा; शक्यतो लांब थर्मामीटरने मोजा. उबट, जळक्या साखरेसारखा वास आला तर लगेच मोजा. 55 अंशांच्या पुढे गेलं तर दिवसातून दोनदा तपासा. 65 ला धोका सुरू होतो. 80 च्या जवळ असेल तर गंजीवर चढू नका, एकही गठ्ठा हलवू नका, आधी अग्निशमन दलाला बोलवा. आत हवा शिरली की क्षणात भडका उडतो.

शेवटची वस्तू म्हणजे गठ्ठे सोडायच्या जागी खिळ्याला टांगलेलं एक पोतं. गठ्ठा कापला की दोन्ही दोऱ्या मोजून त्यात टाका. वैरणीतून दोरी जनावराच्या पोटात गेली तर ती बाहेर येत नाही.