कॉलेजात गाजलेला क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत घ्यावा का? तपासायचं कसं

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात, आणि क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी मायामीला आपली बारावी निवड दिली, पुढच्या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या, वर तिसऱ्या फेरीची एक दिली आणि ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला घेतलं. त्या संघाकडून तो फक्त 4 सामने सुरुवातीपासून खेळला. ऑगस्ट 2023 मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात तो डॅलसला गेला. तोवर 2022 च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात शेवटी, 262 व्या क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी त्याच संघाचा मुख्य क्वार्टरबॅक झाला होता.

लान्सचा घोटाही मोडला, दुर्दैव होतंच. पण कॉलेजात त्याने सुरुवातीपासून खेळलेले सामने होते जेमतेम 17, आणि 2020 च्या हंगामात तर एकच. पर्डीचे आयोवा स्टेट या कॉलेजसाठी 46. लान्सबद्दल पुरावा थोडा होता आणि किंमत मात्र भरपूर पुरावा असल्यासारखी मोजली गेली. त्यामुळे ‘पोरगा चांगला आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘जेवढं पाहिलंय त्यावर एवढी किंमत द्यावी का’ हे विचारायचं.

आधी किंमत

1990 च्या दशकात डॅलसच्या प्रशिक्षक जिमी जॉन्सनने निवडींच्या अदलाबदलीसाठी गुणांचा एक तक्ता वापरात आणला. त्यात पहिल्या निवडीला 3000 गुण, तिसरीला 2200, सोळावीला 1000 आणि बत्तिसावीला 590. हे आकडे आज तंतोतंत पाळले जात नाहीत, पण उतार कसा आहे ते डोक्यात पक्कं बसतं. एकच खेळाडू तिसावा घेणं शहाणपणाचं आणि तिसरा घेणं वेडेपणाचं ठरू शकतं. म्हणून ‘घ्यावा’ किंवा ‘घेऊ नये’ असं लिहूच नका. ‘बाराव्याच्या आधी नको’ असं आकड्यात लिहा.

निकाल जानेवारीत बंद करा

कॉलेजचा हंगाम जानेवारीत संपतो आणि ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी असतो. मधल्या तीन महिन्यांत हा खेळाडू खऱ्या सामन्यात एकही चेंडू फेकत नाही, तरी त्याचा भाव वीस-वीस क्रमांकांनी वरखाली होतो. गाजावाजा नेमका इथेच तयार होतो. आपलं मत हंगाम संपताच तारीख घालून लिहून ठेवा. नंतर ते बदलायची दोनच कारणं धरा: वैद्यकीय तपासणीत काही निघालं, किंवा सीनियर बोलच्या (कॉलेज संपवणाऱ्या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या) सरावात तगड्या बचावपटूंसमोर काही नवीन दिसलं.

चित्रण कसं पाहायचं

चांगल्या फेकींची संकलित चित्रफीत पाहून मत बनवू नका. तिच्यात चुका काढून टाकलेल्या असतात. चार पूर्ण सामने निवडा: सगळ्यात तगड्या बचावफळीविरुद्धचे दोन, हरलेला एक आणि मागच्या हंगामातला एक. शक्यतो सगळे 22 खेळाडू दिसतील असं चित्रण घ्या. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि कोण मोकळा होता ते दिसतच नाही.

वही घ्या आणि प्रत्येक फेकीसाठी चार रकाने आखा: पॉकेट (सहकाऱ्यांनी क्वार्टरबॅकभोवती राखलेली जागा) शाबूत होतं की मोडलं, चेंडू पहिल्या पर्यायाकडे गेला की दुसऱ्या-तिसऱ्याकडे, चेंडू नेमका कुठे पोचला, आणि निकाल. तिसरा रकाना चौथ्याच्या आधी भरायचा, हे कटाक्षाने पाळा. रिसीव्हर (पास पकडणारा) धावतोय आणि चेंडू त्याच्या मागच्या खांद्यावर आला, त्याने कंबरेतून वळून एका हाताने पकडला, तर निकालाच्या रकान्यात 22 यार्ड दिसतील, पण फेक वाईट होती. उलट छातीवर आलेला चेंडू हातातून सुटला, तर फेक चांगली होती. कागदावरचा यशाचा टक्का (शंभर पासांपैकी किती पकडले गेले) हा फरक दाखवत नाही.

स्क्रीन पास (अडवणाऱ्या सहकाऱ्यांच्या आड दिलेला छोटा पास) आणि स्नॅप होताच, म्हणजे चेंडू हातात येऊन खेळी सुरू होताच, बाजूला दिलेले छोटे पास वेगळे काढा. त्यांतले यार्ड बहुधा रिसीव्हर धावून कमावतो. उरलेल्यांत सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या डाऊनला (10 यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) द्या, सात किंवा जास्त यार्ड हवे असतात तेव्हाच्या खेळींना. तिथे पास येणार हे बचावफळीला माहीत असतं. समजा तिसरा डाऊन, 8 यार्ड. स्नॅपनंतर दोन सेकंदांत उजव्या टॅकलच्या (कडेला अडवणाऱ्या सहकाऱ्याच्या) बाहेरून पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारा बचावपटू) आत घुसतो. इथे चित्र थांबवा आणि फक्त हेल्मेट बघा. ते अजून मैदानाकडे वळलेलं असेल आणि पाय छोटं पाऊल टाकून पुढे सरकत असतील, तर एक गुण. हेल्मेट रशरकडे खाली झुकलं, किंवा तो मागे-मागे पळू लागला, तर उणे एक. ती फेक पूर्ण झाली की नाही याला इथे महत्त्व नाही. अशा तीसेक खेळी झाल्या की माणूस कळायला लागतो.

दुसरा आकडा दबावाचा. ज्या खेळींत दबाव आला, त्यांपैकी किती सॅकमध्ये (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडण्यात) संपल्या? शंभरात 15 च्या आसपास असतील तर ठीक, 20 च्या वर गेल्या तर सावध व्हा. सॅकचं खापर सहसा ऑफेन्सिव्ह लाईनवर (समोर अडवणाऱ्या फळीवर) फुटतं, पण चेंडू हातात धरून ठेवण्याची सवय खेळाडूबरोबर नव्या संघातही जाते. कोलोराडोच्या शेडूर सँडर्सचा 2024 चा टक्का 74 होता, टचडाऊन (गुण मिळवून देणारे) पास 37, नाव तर घराघरांत पोचलेलं. त्याच हंगामात तो 42 वेळा सॅक झाला. 2025 मध्ये तो पाचव्या फेरीत, 144 वा गेला. असे सॅक दिसले की घड्याळ लावा. अडीच सेकंदांच्या आत झालेला सॅक लाईनच्या खात्यावर, साडेतीन सेकंदांनंतरचा क्वार्टरबॅकच्या.

एकाच वर्षात उडी घेतली असेल तर

हा सगळ्यात अवघड भाग, कारण इथे दोन्ही प्रकारची माणसं सापडतात. झॅक विल्सनने 2019 मध्ये 11 टचडाऊन पास आणि 9 इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास) दिली होती. 2020 मध्ये टचडाऊन 33 आणि टक्का 73.5. तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. पण कोविडमुळे त्याच्या बीवाययू कॉलेजचं वेळापत्रक पार विस्कटलं होतं आणि नव्याने जुळवलेले बरेच प्रतिस्पर्धी कमकुवत होते. जो बरोची उडी त्याहून मोठी: 2018 मध्ये 16 टचडाऊन पास आणि 57.8 टक्के, 2019 मध्ये 60 आणि 76.3. त्याच्या दिमतीला जामार चेस आणि जस्टिन जेफरसन होते, नवी आक्रमणपद्धतही होती. तरी तो खरा निघाला.

फरक शोधायचा असेल तर वहीतली तगड्या संघांविरुद्धची पानं वेगळी काढा. बरोच्या एलएसयू कॉलेजने त्या वर्षी अलाबामा, जॉर्जिया, ओक्लाहोमा आणि क्लेमसन या सगळ्यांना हरवलं आणि बरोची धार तिथेही तशीच राहिली. विल्सनच्या वेळापत्रकात अशी पानं जवळजवळ नव्हतीच. नसलेल्या पुराव्याचे गुण द्यायचे नाहीत. सामन्यांच्या संख्येलाही हाच नियम. 2017 मध्ये शिकागोने तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येण्यासाठी जादा निवडी मोजून मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं, तेव्हा त्याच्या नावावर सुरुवातीपासून खेळलेले 13 सामने होते. पुढे त्याच्याहून कितीतरी सरस ठरलेला पॅट्रिक माहोम्स त्याच वर्षी दहावा गेला.

वयही बघा. ब्रँडन वीडन 2012 मध्ये बाविसावा निवडला गेला तेव्हा 28 वर्षांचा होता. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांवर मिळवलेलं वर्चस्व पुढे तसंच टिकेल असं धरून चालू नका.

कंबाइन आणि प्रो डे

इंडियानापोलिसच्या कंबाइनमधली (ड्राफ्टआधी सगळ्या संघांसमोर होणाऱ्या चाचण्यांतली) सगळ्यात मोलाची गोष्ट टीव्हीवर दिसत नाही: डॉक्टरांची तपासणी आणि बंद खोलीतल्या मुलाखती. पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी 40 यार्ड 5.28 सेकंदांत धावला आणि 2000 साली 199 वा गेला. क्वार्टरबॅकसाठी तो आकडा जवळपास निरुपयोगी. प्रो डेला (खेळाडूच्या कॉलेजात होणाऱ्या प्रात्यक्षिकाला) तर फेकींचा क्रम आधी ठरलेला असतो आणि समोर बचावपटू नसतो. नेट्समधली फलंदाजी बघून कसोटीचा सलामीवीर निवडण्यासारखंच ते. हाताचं माप, उंची, वजन टिपून घ्या आणि पुढे जा.

स्वभाव आणि मेहनत बाहेरून कळत नाही, आणि नेमकं तिथेच बुडायची भीती असते. 1998 मध्ये पेटन मॅनिंग आणि रायन लीफ यांच्यात पहिला कोण यावर गंभीर वाद होता. मॅनिंग पुढे महान ठरला, तर लीफने पहिल्या हंगामात 2 टचडाऊन पास आणि 15 इंटरसेप्शन दिली. बाहेरच्या माणसाने हा रकाना कोराच ठेवावा. ऐकीव गोष्टींनी तो भरू नये, आणि कोरा रकाना म्हणजे जोखीम धरून किंमत थोडी खाली आणावी.

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात. पास रशरचे सॅक मोजण्यापेक्षा किती वेळा त्याने स्वतःच्या चालीने टॅकलला हरवलं ते मोजा. व्हर्नन घोल्स्टनचे 2007 मध्ये ओहायो स्टेटसाठी 14 सॅक होते, शरीर तर बघत राहावं असं. 2008 मध्ये सहावा गेला आणि जेट्सकडून तीन हंगामांत एकही सॅक नाही. रिसीव्हरने कोणत्या वयात संघाच्या पासिंगचा मोठा वाटा उचलायला सुरुवात केली ते बघा. विसाव्या वर्षी असेल तर उत्तम.

आता वहीवर शेवटचा आकडा लिहा: अमुक क्रमांकाच्या आधी नाही. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या 2011 च्या करारापासून नवख्यांचं मानधन ठरलेलं आहे, त्यामुळे पैशाची चूक पूर्वीइतकी जीवघेणी राहिली नाही. 2010 मध्ये सॅम ब्रॅडफर्डला 5 कोटी डॉलरची हमी होती. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनचा चार वर्षांचा अख्खा करार सुमारे 2.2 कोटींचा. गमावलेल्या निवडी मात्र परत मिळत नाहीत. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला करारात पाचवं वर्ष द्यायचं की नाही, हे संघाला तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत ठरवावं लागतं. त्या आठवड्यात ही वही काढा आणि कोणता रकाना खरा ठरला, कोणता फसला, ते शेजारी लाल शाईने लिहा.